रात्रीचं पार्किंग आणि आपली भीड

प्रश्न : मी हिंजवडीत नोकरी करते. शिफ्ट रात्री साडेदहाला संपते. स्कूटर ऑफिसच्या इमारतीत, बेसमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर लावावी लागते आणि त्या वेळी तिथे चिटपाखरूही नसतं. आई रोज व्हॉट्सॲपवर एखादा इशारा पाठवते. पार्किंगमध्ये कुणी अत्तर हुंगायला दिलं तर घेऊ नकोस, गाडीच्या काचेवर अंडं फेकलं तर वायपर लावू नकोस, किल्ल्या बोटांच्या बेचक्यात धरून चाल. यातलं खरं किती? आणि एकटीनं पार्किंगमध्ये जाताना खरोखर उपयोगी पडेल असं काय करता येतं?
— एक वाचक, वाकड

उत्तर : आधी आईच्या संदेशांकडे वळू. अत्तराची कथा १९९९ पासून फिरते आहे. अमेरिकेत ती ईमेलवर सुरू झाली : पार्किंगमध्ये कुणीतरी स्वस्तातलं अत्तर विकायला येतो, बाटलीत खरं तर ईथर असतं, आणि एकदा हुंगताच बाई जागीच कोसळते. आपल्याकडे येईपर्यंत ईथरचं क्लोरोफॉर्म झालं. दोन्ही रसायनं एके काळी शस्त्रक्रियेसाठी वापरली जात. त्या वेळी ती नाकातोंडावर धरून रुग्णाला काही मिनिटं सलग श्वास घ्यायला लावावा लागे. सिनेमात रुमाल नाकाला लागताच मान पडते, तसं प्रत्यक्षात होत नाही. अनोळखी माणसाच्या हातची बाटली हुंगू नये हे बरोबरच, पण एका हुंगण्यात शुद्ध हरपेल ही भीती मनातून काढून टाका.

अंड्याच्या संदेशात वायपर लावल्यावर नजर ‘९२.५ टक्के’ झाकली जाते असा आकडा असतो. दशांशचिन्ह दिसलं की माणसाला ते खरं वाटतं. हे कुणी, कुठे मोजलं याचा मात्र ठावठिकाणा नाही. त्यातला एकच भाग धरून ठेवण्याजोगा आहे. चारचाकी चालवताना काचेवर काहीही पडलं, किंवा कुणी ‘मागच्या टायरमधून धूर येतोय’ म्हणून हातवारे केले, तरी निर्जन जागी उतरायचं नाही. गाडी हळूहळू पुढे न्यायची, पेट्रोल पंप किंवा उघडं दुकान गाठायचं, मग उतरून बघायचं.

किल्ल्यांचं म्हणाल, तर बेचक्यात धरलेली किल्ली ठोसा मारताना आपल्याच बोटांत रुतते. किल्ली हातात हवी, पण ती गाडीशी पोचल्यावर पर्समध्ये चाचपडावं लागू नये म्हणून.

या सगळ्या संदेशांबद्दल माझी खरी तक्रार वेगळीच आहे. त्यांतला गुन्हेगार लांबूनच ओळखू येतो : विचित्र वस्तू हातात, विचित्र वागणं, अंधारातून अचानक पुढे येणं. त्यामुळे आपण अंधाराकडे बघत बसतो. प्रत्यक्षात जवळ येणाऱ्याकडे बहुतेक वेळा एखादं साधं, पटण्याजोगं कारण असतं.

नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ शमशाबादच्या टोलनाक्यापाशी एका तरुण पशुवैद्यक डॉक्टरनं आपली स्कूटर लावली होती. पोलिसांच्या तपासानुसार ती परतण्याआधी स्कूटरच्या चाकातली हवा काढून टाकली गेली आणि मग माणसं पुढे आली ती ‘पंक्चर काढून देतो’ म्हणत, मदतीला. त्या रात्री तिचा जीव गेला. आरोपी पुढे पोलिसांच्या गोळीबारात मारले गेल्यानं खटला उभाच राहिला नाही, पण चाकाची हवा आणि मदतीचा हात हा क्रम विसरण्यासारखा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात, स्वारगेट बसस्थानकात, पहाटे पावणेसहाच्या सुमारास फलटणला निघालेल्या तरुणीला एकानं गोड बोलून सांगितलं, की तुमची गाडी इथे लागत नाही, तिकडे उभी आहे. फिर्यादीनुसार, आवारात उभ्या असलेल्या अंधाऱ्या शिवशाही बसमध्ये नेऊन त्यानं तिच्यावर अत्याचार केला.

या दोघींचं काहीही चुकलं नव्हतं, हे मला ठासून सांगायचं आहे. अडचणीत कुणी मदतीला आलं तर त्याच्यावर विश्वास ठेवावा, असंच आपल्या सगळ्यांना शिकवलेलं असतं. गुन्हा गुन्हेगारच करतो. आपल्या हाती एवढंच आहे, की न मागता आलेली मदत घ्यायची नाही. त्यातही ‘जरा तिकडे चला’ अशी, आपल्याला जागेवरून हलवणारी मदत तर मुळीच नाही. स्कूटर पंक्चर दिसली, तर तिथे वाकून चाक बघत बसू नका. सरळ मागे फिरा, लिफ्टनं वर या, सिक्युरिटीच्या टेबलाशी उभ्या राहा आणि तिथून घरी फोन करा. स्कूटर रात्रभर राहील, तिचं काही बिघडत नाही.

आणखी एक गोष्ट आईच्या संदेशांत कधीच येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत बलात्काराच्या गुन्ह्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी पीडितेच्या ओळखीचे असल्याचं वर्षानुवर्षं दिसतं. म्हणजे बेसमेंटमध्ये ‘एवढ्या रात्री स्कूटरवर कुठे जाता, मी सोडतो’ म्हणणारा सहकारी, पूर्वी मैत्री होती आणि आता ‘फक्त पाच मिनिटं बोलायचंय’ म्हणून खांबाशी थांबलेला मुलगा, रोज नमस्कार करणारा ड्रायव्हर. यातले बहुतेक लोक सज्जनच असतील. पण मनात पाल चुकचुकली, तर त्या सज्जनपणाची खातरजमा रात्री साडेदहाला, रेंज नसलेल्या बेसमेंटमध्ये करू नका.

इथे आपली भीड आड येते. ‘भीड भिकेची बहीण’ असं आपल्या आज्या म्हणायच्या, पण मुलींना वाढवताना मात्र भीडच शिकवली जाते. कुणी बोललं तर उत्तर द्यावं, मोठ्यांना नाही म्हणू नये, उगाच कुणाला वाईट वाटेल असं वागू नये. लिफ्टचं दार उघडलं, आत एकच माणूस आहे, त्याची नजर आवडली नाही, तरी आपण आत शिरतो. कारण मागे सरकलो तर त्याला काय वाटेल? मला वाटतं, पार्किंगमधल्या सुरक्षिततेतला सर्वांत मोठा अडसर हाच आहे.

आणि हे नुसतं माझं मत नाही. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या सुमारे नऊशे विद्यार्थिनींवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. मानसशास्त्रज्ञ शार्लीन सेन यांनी आखलेलं बारा तासांचं प्रशिक्षण निम्म्या मुलींना दिलं गेलं, उरलेल्यांना नुसती माहितीपत्रकं. वर्षभरात माहितीपत्रकं मिळालेल्या गटात बलात्काराला बळी पडण्याचं प्रमाण ९.८ टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के. प्रशिक्षणात स्वसंरक्षणाचे डावपेच होते, पण बराच भर दुसरीकडे होता : ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका वेळीच ओळखणं, आणि ओळखल्यावरही ‘याला वाईट वाटेल’ म्हणून गप्प बसायला लावणारी मनातली अडचण पार करणं.

तेव्हा चार वाक्यं तोंडात बसवून ठेवा. आरशासमोर मोठ्यानं म्हणा. संकोच वाटला तरी म्हणा, कारण ऐन वेळी घसा कोरडा पडतो आणि सवयीचं तेवढंच बाहेर येतं. ‘नको, मदत नको.’ ‘तिथेच थांबा.’ ‘जवळ येऊ नका.’ ‘मी सिक्युरिटीला बोलावते आहे.’ त्यात ‘सॉरी’ नको, ‘प्लीज’ नको, कारणं तर नकोतच. कारण दिलं की समोरचा ते खोडून काढतो. ‘नवरा येतोय’ म्हटलं की ‘तो येईपर्यंत थांबतो’ म्हणतो. नुसत्या ‘नको’शी वाद घालता येत नाही. आणि समोरचा सज्जन असेल, तर तो तिथेच थांबेल. न थांबणारा माणूस आपली ओळख आपणच करून देतो.

आता बेसमेंटबद्दल. मोबाइलवर सगळा भरवसा ठेवण्यात पहिली अडचण ही, की खाली दोन मजले उतरल्यावर रेंज जाते. आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या एखाद्या कंपनीचं जाळं मिळत असेल तर ११२ लागतो. कुठलंच जाळं नसेल तर ११२ देखील लागत नाही. त्यामुळे फोन करायचा तो खाली उतरण्याआधी, वर लॉबीत. घरी सांगा, ‘आता खाली चाललेय, दहा मिनिटांत गेटबाहेरून फोन करते.’ आणि दहा मिनिटांत फोन आला नाही तर आईनं काय करायचं, हेही आज ठरवून टाका : आधी तुम्हाला फोन, मग इमारतीच्या सिक्युरिटीला, मग ११२. सिक्युरिटीचा नंबर आईच्या मोबाइलमध्ये हवा. सकाळपासून चार इशारे पाठवण्यापेक्षा आईला हे काम द्या. तिलाही बरं वाटेल.

फोनमधलं आणीबाणीचं बटणही एकदा शोधून ठेवा. २०१६ च्या नियमांनुसार भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये ही सोय असावी लागते : साध्या फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण लागोपाठ तीनदा दाबायचं. काही फोनमध्ये पाच वेळा दाबावं लागतं, काहींत सेटिंगमध्ये जाऊन ते आधी चालू करावं लागतं. तुमच्या फोनचं काय आहे ते घरी बसून बघा.

संध्याकाळी शिफ्टला येताना स्कूटर लावाल, तेव्हाच परतीच्या वेळेचा विचार करा. लिफ्टच्या दाराजवळची, ट्यूबलाइटखालची, कॅमेऱ्याच्या टप्प्यातली जागा मिळवा; त्यासाठी पाच मिनिटं लवकर यावं लागलं तरी या. जाड खांबाला लागून किंवा मोठ्या एसयूव्हीच्या आडोशाला लावू नका. तोंड बाहेरच्या बाजूला ठेवून लावा, म्हणजे रात्री मागे ढकलत, वळवत बसावं लागणार नाही. खांबावरचा नंबर टिपून ठेवा.

चारचाकीपेक्षा स्कूटरचं एक वेगळं आहे : दार लावून आत बसण्याची सोय नाही. स्कूटरवाल्या बाईचा सर्वांत असावध क्षण कोणता, हे मी पार्किंगमध्ये उभी राहून पाहिलं आहे. ती स्कूटरशी येते, पर्स सीटवर ठेवते, वाकून डिकी उघडते, हेल्मेट काढते, डबा आत ठेवते, ओढणी नीट करते, रेनकोट कोंबते, डिकी दोनदा आपटून लावते. मिनिट-दीड मिनिट तिची मान खाली आणि पाठ उघडी असते. हे सगळं वरच करता येईल. हेल्मेट डेस्कवरूनच हातात घेऊन निघा, डबा-पर्स पाठीवरच्या सॅकमध्ये टाका, ओढणीची गाठ लॉबीत बांधा. खाली आल्यावर फक्त बसायचं, हेल्मेट चढवायचं, स्टार्ट करायचं. हेल्मेट आधीपासून घालून चालू नका, मागची पावलं ऐकू येत नाहीत. इअरफोनचंही तेच. फोनवर बोलत चालणं अनेकींना सुरक्षित वाटतं, पण त्यात लक्ष बोलण्याकडे जातं. मान वर, नजर आजूबाजूला, आणि कुणी दिसलं तर त्याच्याकडे सरळ बघा. ‘मी तुला पाहिलंय’ एवढं त्याला कळू द्या.

चारचाकी असेल, तर जवळ येताना मागच्या सीटवर नजर टाका, आत बसताच आधी दारं लॉक करा, मग सीटबेल्ट, मग निघा. मेसेज वाचायचे असतील तर गेटबाहेर, उजेडात. संकटात हॉर्न दाबून धरा. बेसमेंटमध्ये तो आवाज घुमतो आणि वरपर्यंत पोचतो. स्कूटरचा हॉर्नही काही कमी नाही.

पेपर स्प्रेबद्दल अनेक जणी विचारतात. आपल्याकडे तो बाळगायला परवाना लागत नाही. पण सॅकच्या तळाशी असलेला स्प्रे निरुपयोगी. तो हातात हवा, मुदत संपलेली नको, आणि बंदिस्त जागी त्याचा त्रास मारणाऱ्यालाही होतो. मारायचा तो पळून जाण्यापुरता अवधी मिळवण्यासाठी. मारून तिथे थांबायचं नाही.

कुणी पर्स किंवा सोनसाखळी मागितली तर देऊन टाका. पर्स त्याच्यापासून लांब, बाजूला भिरकावा आणि उलट्या दिशेनं धावा. पण मागणी ‘गाडीत बस’ अशी असेल, तर त्याच्या हाती सुरा असला तरी माझं मत स्पष्ट आहे : ओरडा, हातपाय झाडा, जमिनीवर बसकण मारा, काहीही करा, पण गाडीत जाऊ नका. गुन्हेगाराला दुसरीकडे जायचं असतं ते तिथे त्याला कुणी बघणार नाही म्हणूनच. ओरडण्यानं, झटापटीनं किंवा पळण्यानं अत्याचार पूर्ण होण्याची शक्यता कमी होते, असंच परदेशांतल्या अनेक अभ्यासांत दिसलं आहे. जी भीतीनं गोठून गेली, तिचंही मात्र काही चुकलं नाही. शरीर तसं वागतं.

स्वतःच्या बचावात हल्लेखोराला इजा झाली तर आपणच गुन्हेगार ठरू का, ही शंका मनात ठेवू नका. भारतीय न्याय संहितेच्या ३८ व्या कलमात ज्या हल्ल्यांची यादी आहे, त्यांत बलात्काराच्या किंवा अपहरणाच्या हेतूनं केलेला हल्ला आणि ॲसिडहल्ला येतात. अशा हल्ल्यात स्वसंरक्षणाचा हक्क हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंतही पोचतो, असं कायदा सांगतो.

आजूबाजूला माणसं असतील तर ‘वाचवा’ असं हवेत ओरडण्यापेक्षा एका माणसाकडे बोट करा. ‘ओ निळ्या शर्टवाले दादा, ११२ लावा!’ असं म्हटलं की त्याला दुसऱ्या कुणाकडे बघता येत नाही. लोक नुसते बघत राहतात, हा समज आपल्या मनात घट्ट बसला आहे. इंग्लंडमधलं लँकेस्टर, नेदरलँड्समधलं ॲमस्टरडॅम आणि दक्षिण आफ्रिकेतलं केपटाउन इथल्या भररस्त्यावरच्या भांडण-मारामारीच्या २१९ घटनांचं सीसीटीव्ही चित्रीकरण संशोधकांनी तपासलं, तेव्हा दहापैकी नऊ घटनांत बघ्यांपैकी कुणी ना कुणी मध्ये पडल्याचं दिसलं. तेव्हा हाक मारायला कचरू नका.

तुमच्या पत्रातली साडेदहाची वेळ वाचून मी थबकले, कारण तिथे तुमच्या मालकावर कायद्यानंच जबाबदारी येते. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ च्या १३ व्या कलमानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात स्त्रीला कामावर ठेवायचं, तर तिची संमती लागते, आणि तिच्या सुरक्षिततेची, तसंच घराच्या दारापर्यंत वाहनाची व्यवस्था मालकानं करायची असते. तुम्हाला ही गाडी कधी देऊ केली गेली होती का? नसेल तर मागा. ही मेहरबानी नाही. तुम्हीच सोयीसाठी स्कूटर पसंत केली असेल, तरी कामाच्या जागी सुरक्षित वातावरण देणं हे २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानं मालकाचं कर्तव्य ठरवलं आहे, आणि बाहेरून तिथे येणाऱ्या माणसांपासूनचं संरक्षणही त्यात येतं.

इथेही भीडच आड येते. रोज रात्री सिक्युरिटीवाल्या काकांना ‘खालीपर्यंत याल का?’ विचारायचा संकोच वाटतो. ते कुरकुरतील, सहकारी हसतील. म्हणून एकटीनं विनवणी करू नका. साडेदहाला सुटणाऱ्या सगळ्या जणींनी मिळून एचआरला एक मेल लिहा, आणि त्यात मोघम काही नको. कुठल्या खांबाजवळचे दिवे बंद आहेत, कुठल्या कोपऱ्यात कॅमेरा नाही, रात्री दहानंतर खाली माणूस किती वाजेपर्यंत असतो, रात्रपाळीच्या स्त्रियांची वाहनं तळमजल्यावर का लावता येत नाहीत, बेसमेंटमध्ये मोबाइलची रेंज पोचवणारं उपकरण कधी बसवणार. ‘कॅमेरे आहेत’ या उत्तरावर समाधान मानू नका. ब्रिटनमधल्या पाहण्यांत कॅमेऱ्यांमुळे पार्किंगमधले वाहनांचे गुन्हे जवळपास निम्म्यानं घटल्याचं दिसलं, पण तो निष्कर्ष वाहनांच्या गुन्ह्यांबद्दल आहे. रात्री तो पडदा कुणी बघत बसलेलं असतं का, आणि त्याला काही दिसलं तर तो किती वेळात खाली पोचतो, हे विचारा.

रेल्वे स्टेशनबाहेरच्या पे अँड पार्कचं दुखणं वेगळं. दिवसा पावती फाडणारा माणूस रात्री नसतो. गाडी लावतानाच त्याला विचारा, ‘किती वाजेपर्यंत असता?’ तो दहाला जाणार असेल आणि तुमची लोकल साडेदहाची असेल, तर त्या दिवशी स्टेशनपर्यंत रिक्षानं जा. रेल्वेच्या आवारात मदतीसाठी १३९ आहे.

आणि कुणी पाठलाग केला, दोन दिवस तुमच्या स्कूटरशी उभं राहिलं, चिठ्ठी अडकवली, तर ‘एवढ्याशासाठी काय तक्रार करायची’ म्हणून सोडू नका. वारंवार पाठलाग करणं हा न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाखाली गुन्हा आहे. हद्द कुणाची हा वाद तुम्ही घालायचा नाही. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते. ते ती पुढे योग्य ठाण्याकडे पाठवतात. तारीख, वेळ, खांबाचा नंबर, गाडीचा नंबर तिथल्या तिथे फोनमध्ये लिहून ठेवा. त्याच दिवशी इमारतीच्या व्यवस्थापकाला लेखी कळवा, की अमुक वेळेचं चित्रीकरण जपून ठेवा. बहुतेक ठिकाणी जुन्या चित्रीकरणावर काही दिवसांनी नवं चढतं, आणि पोलीस मागायला येईपर्यंत ते पुसलं गेलेलं असतं. त्या मेलची प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर पाठवायला विसरू नका. ऑफिसचं खातं उद्या तुमच्या हाती असेलच असं नाही.